नळाला गढूळ पाणी येत असताना बाळाचे पावडरचे दूध कोणत्या पाण्यात करावे?

प्रश्न : फुलेवाडीतील आई

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात फुलेवाडी परिसरात राहतो. माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. ती चौतिसाव्या आठवड्यात जन्मली आणि जन्मतः तिचे वजन कमी होते, त्यामुळे अंगावरच्या दुधाबरोबर दिवसातून काही वेळा पावडरचे दूध द्यावे, असे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितले आहे. आजवर आम्ही नळाचे पाणी उकळून, ते कोमट झाल्यावर त्यात पावडर मिसळत होतो आणि त्यात काही वावगे वाटत नव्हते. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी जलवाहिनीची गळती काढण्याचे काम झाले आणि तेव्हापासून सकाळी पाणी सुटले की पहिली बरीच भांडी पिवळसर तांबूस भरतात. नंतर रंग फिका होतो, मात्र पूर्ण जात नाही. भांडे तासभर ठेवले की तळाशी बारीक गाळ दिसतो. त्यातच पावसामुळे नदीही वाढली आहे.

घरात प्रत्येकाचे मत वेगळे आहे. सासूबाई म्हणतात, पाण्यातून तुरटी फिरवावी, गाळ बसू द्यावा आणि वरचे पाणी वीस मिनिटे खळखळ उकळावे. त्यांनी त्यांची मुले अशीच वाढवली. नणंद म्हणते, वीस लिटरचा जार मागवावा आणि ते पाणी उकळण्याचीही गरज नाही. मिस्टरांचे म्हणणे असे की ओट्यावर आरओ यंत्र बसवलेले असताना एवढी काळजी कशाला करायची. शिवाय पावडरच्या डब्यावर ‘उकळून कोमट केलेले पाणी’ असे लिहिले आहे, तर एका परिचित डॉक्टरांनी पाणी चांगले गरम असतानाच पावडर घालायला सांगितले. यातले नेमके काय करावे? रात्री दोनदा दूध करावे लागते, तेव्हा पाणी आधी उकळून ठेवले तर चालेल का, हेही कळले तर बरे होईल.

उत्तर : निवृत्त परिचारिका, नवजात शिशू विभाग

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत आणि बहुतेक घरांत इथेच गोंधळ होतो. पाणी कसे आहे हा एक प्रश्न आणि पावडर कशी आहे हा दुसरा. पाण्याविषयी जाणकार लिहितीलच, म्हणून मी आधी पावडरीविषयी लिहिते. कारण नळाला अगदी स्वच्छ पाणी येत असले तरी तुमच्या बाळाच्या बाबतीत हा भाग तितकाच महत्त्वाचा आहे.

डबा मोहोरबंद असला तरी आतली पावडर निर्जंतुक नसते. दूध वाळवून पावडर करण्याच्या प्रक्रियेत सगळे जंतू मरत नाहीत, आणि काही जंतू कोरड्या पावडरीत महिनोन्महिने तग धरतात. त्यांपैकी क्रोनोबॅक्टर आणि साल्मोनेला या दोहोंची काळजी मुख्यतः घेतली जाते. क्रोनोबॅक्टरचा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. त्याचा सर्वाधिक धोका दोन महिन्यांच्या आतील, वेळेआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांना असतो. तुमची मुलगी अडीच महिन्यांची असली तरी ती सहा आठवडे आधी आली आहे, म्हणून तिला मी याच गटात धरीन. पाणी उकळल्याने पाण्यातले जंतू मरतात; पण ते पाणी कोमट करून त्यात पावडर घातली, तर पावडरीतले जंतू जिवंत राहतात आणि दुधाची ऊब त्यांच्या वाढीला पोषकच ठरते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत असे सांगितले आहे की पावडर मिसळताना पाण्याचे तापमान ७० अंश सेल्सिअसपेक्षा कमी असू नये. तुमच्या परिचित डॉक्टरांचा सल्ला याच धोरणाला धरून आहे. काही डब्यांवर कोमट पाणी लिहिलेले असते, आणि त्यामागे काही वेळा पावडरीत घातलेले उपकारक जिवाणू किंवा उष्णतेने कमी होणारी जीवनसत्त्वे हे कारण असते. तुमच्या डब्यावर तसे असेल तर डबा घेऊनच बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे हे पुन्हा सांगून विचारा. माझे स्वतःचे मत विचाराल तर अशा बाळासाठी मी ७० अंशांच्या बाजूने उभी राहीन.

घरात तापमापक नसला तरी हे साधते. झाकणाच्या पातेल्यात पूर्ण एक लिटर पाणी खळखळून उकळावे, गॅस बंद करून झाकण तसेच ठेवावे आणि अर्ध्या तासाच्या आत वापरावे. तोवर ते साधारण ७० अंशांच्या वर राहते. पेलाभरच पाणी उकळले तर ते काही मिनिटांतच निवते, म्हणून दूध ६० मिलिलिटर करायचे असले तरी पाणी लिटरभरच ठेवावे. आधी बाटलीत पाणी मोजून घ्यावे, पावडर त्यानंतर घालावी. उलट क्रमाने केले की पाणी कमी पडते आणि दूध घट्ट होते. चमचा डब्यातलाच घ्यावा, तो दाबून भरू नये, वरून सुरीच्या पाठीने सपाट करावा. बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक चमचा असे प्रमाण असते, पण तुमच्या डब्यावर जे लिहिले आहे तेच खरे मानावे. घट्ट दुधाने बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो, पातळ दुधाने वजन वाढत नाही. डबा पुरवून वापरण्यासाठी पाणी वाढवणारी घरे मी पाहिली आहेत, आणि पाण्याची टंचाई असली की पाणी कमी घालणारीही पाहिली आहेत. दोन्हींमुळे बाळाचेच हाल होतात.

एवढ्या गरम पाण्यात केलेले दूध लगेच पाजता येत नाही, हे उघड आहे. बाटली झाकून थंड पाण्याच्या भांड्यात उभी करावी, मात्र भांड्यातले पाणी बाटलीच्या गळ्याच्या खालीच राहील इतकेच घ्यावे, म्हणजे ते बुचाच्या फटीतून आत जाणार नाही. तुमच्याकडे सध्या नळाचेच पाणी गढूळ आहे, म्हणून ही काळजी जास्तच घ्या. नंतर बाटलीचे अंग कोरड्या कपड्याने पुसून मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावा. केलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे. उरले तर टाकून द्यावे, पुन्हा गरम करून पाजू नये.

रात्रीसाठी चांगल्या प्रतीचा थर्मास वापरता येतो. तो आधी उकळत्या पाण्याने विसळावा, मग ताजे उकळलेले पाणी काठोकाठ भरून घट्ट बंद करावा. वापरण्यापूर्वी एकदा दिवसा तापमापकाने तपासून पाहा की तुमचा थर्मास किती तासांपर्यंत ७० अंश टिकवतो, कारण त्यात फार फरक असतो. दूध आधी करून फ्रीजमध्ये ५ अंशांखाली चोवीस तासांपर्यंत ठेवता येते, असे सूचनांत आहे. पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज जात राहते, त्यामुळे तो मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही.

उत्तर : जलशुद्धीकरणातील रसायनतज्ज्ञ

पाण्याच्या बाजूने मी लिहितो. मी अनेक वर्षे पाणी शुद्धीकरणाच्या कामात आहे, आणि पावसाळ्यात हा प्रश्न लोक वारंवार विचारतात.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. उकळण्याने जंतू मरतात. गाळ, गंज, लोह, मँगनीज, नायट्रेट यांपैकी काहीही उकळण्याने जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि ही द्रव्ये उरलेल्या पाण्यात अधिक दाट होतात. म्हणून तुमच्या सासूबाईंचा उकळण्याचा आग्रह योग्य असला, तरी वीस मिनिटे उकळण्याने जास्तीचा लाभ काही होत नाही. पाण्याला पूर्ण खळखळ उकळी येऊन एक मिनिट झाले की पुरते. अतिउंच प्रदेशात, म्हणजे दोन हजार मीटरच्या वर, तीन मिनिटे सांगतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तो नियम आपल्याला लागू नाही.

आता रंगाविषयी. जलवाहिनीच्या दुरुस्तीनंतर पहिले पाणी तांबूस येते, कारण रिकाम्या वाहिनीत पाणी जोराने शिरले की आतल्या भिंतींवर बसलेला गंज आणि तळाचा गाळ सुटतो. तुम्ही काचेच्या पेल्यात पाणी घेऊन तासभर ठेवा. तळाशी तांबूस थर बसला आणि वरचे पाणी स्वच्छ झाले तर तो गंज किंवा माती असते. भरताना पाणी नितळ दिसले आणि उघडे राहिल्यावर पिवळे पडत गेले, तर त्यात विरघळलेले लोह आहे. अशा पाण्याचा चहाही काळपट होतो, कारण लोहाची चहातील द्रव्यांशी क्रिया होते. काळे कण मँगनीजचे असू शकतात. पेला भरताच पाणी दुधाळ दिसले आणि ते खालून वर नितळ होत गेले, तर तो केवळ हवेच्या बुडबुड्यांचा परिणाम असतो आणि त्यात धोका नसतो.

मात्र या रंगापेक्षा मला जास्त चिंता वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टीची. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. पाणी बंद असते तेव्हा वाहिनीतला दाब जातो, आणि जिथे सांधा ढिला आहे किंवा चीर पडली आहे तिथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. वाहिनी गटाराशेजारून जात असेल तर काय आत येते हे सांगायला नको. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची जी मोठी साथ आली, ती दूषित पाण्यातूनच पसरली होती. शिवाय गढूळपणा जास्त असला की क्लोरीनची बरीचशी शक्ती गाळावरच खर्च होते आणि गाळाच्या कणांआड दडलेले जंतू वाचतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची गढूळता १ एनटीयूच्या (गढूळता मोजण्याचे एकक) आत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. डोळ्यांना स्पष्ट गढूळ दिसणारे पाणी बहुधा या दोन्ही मर्यादांच्या पलीकडे गेलेले असते.

म्हणून माझे उत्तर सरळ आहे. रंग असेपर्यंत हे पाणी बाळाच्या दुधासाठी वापरूच नका, उकळूनही नाही. मोठ्या माणसांसाठी पाणी स्थिर ठेवून, वरचे पाणी चारपदरी स्वच्छ सुती कापडातून गाळून, मग उकळून वापरता येते. बाळाचे तसे नाही. त्याच्या वजनाच्या मानाने ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पोटात घेते, आणि पावडरच्या दुधात मूळची खनिजे असतातच.

तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारते असे धरून चालू नये. शुद्धीकरण केंद्रात ती रोज पाणी तपासून मोजून घातली जाते. घरी हाताने फिरवताना किती विरघळली ते कळत नाही आणि तिच्यातले ॲल्युमिनियम पाण्यात उरू शकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची मूत्रपिंडे ते नीट बाहेर टाकू शकत नाहीत. तेव्हा बाळाच्या पाण्याला तुरटी नको.

आरओ यंत्र चांगले चालत असेल तर लोह, नायट्रेट आणि गाळ बऱ्याच प्रमाणात काढते, आणि तुमच्यापुरता तो सर्वांत सोयीचा मार्ग आहे. पण इतके गढूळ पाणी आले की त्याच्या पुढच्या गाळण्या लवकर तुंबतात. त्या तपासून बदलून घ्या. यंत्राच्या टाकीत साठलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात, म्हणून ते पाणीही उकळायचेच. ज्यांच्याकडे केवळ अतिनील किरणांचे यंत्र आहे त्यांनी गढूळ पाण्यात त्यावर भिस्त ठेवू नये. किरण गाळातून आरपार जात नाहीत.

उत्तर : फुलेवाडीतील आई

सिस्टर, सर, दोघांचे मनापासून आभार. यंत्राच्या गाळण्या आज उघडून पाहिल्या, तर पहिली गाळणी गेरूने माखल्यासारखी झाली आहे. उद्या बदलून घेतो. तोवर जारचे पाणी घ्यावे का? आमच्या घराजवळ कूपनलिकाही आहे आणि तिचे पाणी दिसायला अगदी काचेसारखे स्वच्छ आहे, म्हणून शेजारच्या काकू तेच घे म्हणतात. आणखी एक विचारायचे राहिले. सासूबाई बाळाला रोज बाळगुटी देतात. सहाणेवर थोडे पाणी टाकून ती उगाळतात. ते पाणी अगदी थोडे असते, तेवढे चालेल ना?

उत्तर : जलशुद्धीकरणातील रसायनतज्ज्ञ

कूपनलिकेचे पाणी नको, आणि त्याचे कारण तिचा नितळपणाच तुमच्यापासून लपवतो. आपल्या जिल्ह्यात ऊस मोठ्या प्रमाणावर आहे, खतांचा वापर भरपूर आहे, आणि वस्तीत शोषखड्डेही असतात. या दोन्हींतून नायट्रेट भूजलात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट असलेले पाणी सहा महिन्यांच्या आतील बाळाला दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि ओठ, नखे निळसर पडू लागतात. उकळल्याने नायट्रेट जात नाही, वाढते. कूपनलिकेचे पाणी प्रयोगशाळेतून रासायनिक तपासणी करून घेतल्याखेरीज इतक्या लहान बाळासाठी वापरू नये.

जारच्या बाबतीत दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखायला हवेत. एक मोहोरबंद, ज्यावर परवाना क्रमांक आणि भरल्याची तारीख असते. दुसरा म्हणजे गल्लोगल्ली टेम्पोतून येणारा थंड पाण्याचा जार, ज्याचे झाकण नुसते वर बसवलेले असते. त्यातले पाणी कुठले, जार कधी आणि कशाने धुतला, याचा काही पत्ता नसतो. लग्नकार्यात लोक ते पितात, पण बाळासाठी ते मुळीच घेऊ नका. मोहोरबंद बाटली किंवा जार घ्यायचा तर त्यावरचे सोडियमचे आणि सल्फेटचे आकडे पाहा. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य सेवा बाळाच्या दुधासाठी लिटरला २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम आणि २५० मिलिग्रॅमपेक्षा कमी सल्फेट असावे असे सांगते. आणि हे पाणीही निर्जंतुक नसते, तेव्हा नणंदबाईंचे म्हणणे तेवढे बाजूला ठेवून उकळावेच लागेल.

आणखी एक सावधगिरी. आपल्याकडे अनेक घरांच्या गच्चीवर सोलर आहे आणि नळाला आयते गरम पाणी येते. घाईच्या वेळी ते थर्मासमध्ये भरावेसे वाटते. सोलरच्या किंवा गीझरच्या टाकीतले पाणी पोटात जाण्यासाठी वापरू नये. ते टाकीत साठून राहते, तिथे क्षार आणि धातू उतरतात, आणि ते उकळलेलेही नसते.

उत्तर : निवृत्त परिचारिका, नवजात शिशू विभाग

गुटीविषयी स्पष्ट लिहिते, कारण या विषयावर सुनेला घरात बोलणे अवघड जाते हे मला ठाऊक आहे. पाणी थोडे असले तरी ते कच्चे पाणी असते, सहाण बहुधा ओलसरच राहते, आणि मुळ्या, बिया डबीत तशाच परत ठेवल्या जातात. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते. घरातल्या इतर सर्व बाबतीत पाणी उकळून, बाटली उकळून आपण जे जपतो, ते त्या चमचाभर उगाळलेल्या पाण्याने वाया जाते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला दुधाखेरीज काहीच नको. गुटी नको, मध नको, वरचे पाणीही नको, अगदी उन्हाळ्यातसुद्धा. सासूबाईंना थेट नाही म्हणण्याऐवजी पुढच्या तपासणीला त्यांनाही दवाखान्यात सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून हे ऐकू द्या. वॉर्डात आम्ही नेहमी आजीला समोर बसवूनच समजावत असू, कारण घरी बाळ तिच्याच मांडीवर असते.

तुम्ही अंगावर पाजत आहात, ही या सगळ्यातली सर्वांत जमेची गोष्ट आहे. बाळ ओढत असेल तर आधी अंगावर घ्या, वरचे दूध नंतर द्या, आणि रात्रीचे एखादे पाजणे अंगावर वाढवता येते का हे डॉक्टरांना विचारा. जितक्या वेळा बाळ ओढते तितके दूध उतरते. तुम्ही स्वतः मात्र उकळलेले पाणी भरपूर प्या.

धोक्याच्या खुणाही लिहून ठेवते. पातळ जुलाब, सतत उलट्या, दूध ओढेनासे होणे, नेहमीपेक्षा कमी शू, टाळू खोल गेलेली दिसणे, बाळ मलूल किंवा सारखे कण्हत असणे, अंग ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापणे अथवा उलट गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्रीच, दवाखान्यात न्यावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप सकाळपर्यंत थांबून पाहण्याचा नसतो.

उत्तर : शुक्रवार पेठेतील गृहिणी

मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञही नाही. पण २०१९ च्या महापुरात माझा मुलगा चार महिन्यांचा होता, म्हणून थोडे लिहिते. त्या वेळी पंचगंगेच्या पाण्याने उपसा केंद्रे बुडाली आणि शहराच्या मोठ्या भागाचे नळ बंद पडले. सगळीकडे पूर आणि घरात प्यायला पाणी नाही, अशी अवस्था होती. टँकरचे पाणी यायचे, त्यावर रांगा लागायच्या.

अडचण दूध करण्याइतकीच बाटली धुण्याची होती. बाटलीचा तळ, बुचाचे आटे आणि निपलच्या आतली बाजू यांना पाणी खूप लागते, आणि दुधाचा पापुद्रा तिथेच चिकटून राहतो. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी त्या दिवसांत बाटली पूर्ण बंद करायला लावली आणि वाटी-चमचा वापरायला सांगितले. माझ्या आईकडे जुने चांदीचे बोंडले, म्हणजे बाळाला दूध पाजायचे चोच असलेले छोटे भांडे, होते. बोंडल्याला ना आटे, ना कोपरे. बोट आतपर्यंत फिरते आणि छोट्या पातेल्यात ते चटकन उकळता येते. बाळाला मांडीवर थोडे उभे धरून, बोंडल्याची चोच खालच्या ओठाच्या कडेला टेकवून, त्याच्या गतीने दूध सोडावे लागते. आडवे झोपवून ओतले तर ठसका लागतो. पहिल्या दिवशी बरेच सांडते, मग बाळालाही जमते आणि आपल्यालाही.

बाटलीच वापरायची असेल तर धुणे आणि उकळणे या दोन्हींसाठी गाळलेले नितळ पाणी घ्यावे. गढूळ पाण्यात बाटल्या उकळल्या तर आतून तांबूस थर बसतो आणि पुढच्या वेळी दूध त्यावरच पडते. सर्व भाग सुटे करून, पाण्याखाली पूर्ण बुडवून दहा मिनिटे उकळावेत, आणि आतला हवेचा बुडबुडा चिमट्याने काढून टाकावा, नाहीतर तेवढी जागा कोरडीच राहते. कपड्याने पुसू नयेत. स्वच्छ ताटात पालथे घालून झाकावेत.

एक छोटी गोष्ट पावडरच्या डब्याविषयी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओट्यावर उघडा राहिलेला डबा लगेच दमट होतो आणि पावडरच्या गुठळ्या होतात. चमचा कोरडाच हवा, उकळत्या पातेल्याच्या वाफेवर डबा धरून पावडर काढू नये, आणि डबा फोडल्याची तारीख झाकणावर लिहावी. बहुतेक डबे फोडल्यापासून महिन्याभरात संपवायला सांगतात.

उत्तर : फुलेवाडीतील आई

वाटी-चमचा आजच सुरू केला. बोंडले सासूबाईंकडेच निघाले आणि त्यांनी ते स्वतः घासून, उकळून दिले. गुटीविषयी त्यांच्याशी शनिवारी दवाखान्यात बोलणे होईल. आता शेवटचा प्रश्न. नळाचे पाणी दिसायला नितळ झाले म्हणजे ते पुन्हा दुधासाठी वापरता येईल का, की आणखी काही पाहावे? आणि तोपर्यंत बाळाच्या अंघोळीला हे पाणी चालेल का?

उत्तर : जलशुद्धीकरणातील रसायनतज्ज्ञ

अंघोळीला, गाळ बसवून वरचे गाळलेले आणि उकळून निववलेले पाणी चालेल, फक्त ते तोंडात जाऊ देऊ नका. अंघोळ घालताना बाळ मूठ चोखते, तीही लक्षात असू द्या. पाण्याला गटाराचा वास येत असेल तर मात्र ते अंघोळीलाही नको, ओल्या कापडाने अंग पुसून काढा, तेही चांगल्या पाण्यात भिजवलेल्या.

नितळ दिसणे ही पहिली पायरी आहे. सकाळी पाणी सुटल्यावर सुरुवातीचे पाणी भांड्यांत न भरता वाहू द्या आणि ते झाडांना, जिन्याला वापरा. गच्चीवरची टाकी एकदा पूर्ण रिकामी करून तळ घासून घ्या. नळ स्वच्छ झाला तरी टाकीतला जुना गाळ प्रत्येक भरणीला ढवळून वर येत राहतो, आणि लोकांना वाटते वाहिनीच अजून खराब आहे. सलग काही दिवस पहिल्या पेल्यापासून पाणी नितळ आले, तळाशी काही बसले नाही, की पुढची पायरी घ्या.

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन तुमच्या नळाची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे पाहणारी चाचणी, मागा. नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, पांढरे राहिले तर नाही. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन ग्राहकाच्या नळापर्यंत उरलेले असावे लागते. दुरुस्तीनंतर तुमच्या टोकापर्यंत क्लोरीन पोहोचते आहे का, हे यावरून जागच्या जागी कळते. ही चाचणी पाणी चालू असताना, थेट येणाऱ्या नळावरच करवून घ्या. टाकीत साठलेल्या पाण्यातून क्लोरीन उडून जातो, त्यामुळे तिथला निकाल वाहिनीविषयी काही सांगत नाही.

जंतूंच्या तपासणीसाठी नमुना वेगळा द्यावा लागतो. त्यासाठी घरातली बाटली चालत नाही. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणावी. तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारे औषध आधीच घातलेले असते, म्हणून ती विसळू नये. नळाची तोटी धातूची असेल तर ज्योतीने शेकून, थोडे पाणी सोडून मग नमुना घ्यावा, बाटली बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावी. अर्जात घरात अपुऱ्या दिवसांचे बाळ आहे हे आवर्जून लिहा, आणि गल्लीतल्या आणखी दोन-तीन घरांचे नमुने एकाच वेळी द्या, म्हणजे दोष तुमच्या जोडणीत आहे की सगळ्या वाहिनीत, हे त्याच अहवालातून समजेल. अहवाल चांगला आला तरी पाणी उकळून, ७० अंशांच्या वर असतानाच पावडर घालण्याची सिस्टरांनी सांगितलेली पद्धत तशीच चालू राहील, कारण ती पाण्यासाठी नाही, पावडरीसाठी आहे.